ज्याला लाज ठाऊक नव्हती

आमच्या कुत्र्याला नाव नव्हतं. आमच्या गावात बैलांना नावं असायची, गाईला असायचं. कुत्र्याला "यू यू" केलं की तो यायचा आणि "हाड" म्हटलं की जायचा, तेवढ्यावर भागायचं. रंगानं तो वाळल्या कडब्यासारखा पिवळट होता. एक कान उभा, एक कायमचा पडलेला. शेतात मेंढरं बसवायला आलेल्या धनगरांकडून वडिलांनी त्याला पिल्लू असताना आणला, तेव्हा मी सातवीची परीक्षा देऊन घरी बसले होते. माझ्या हातची भाकरी खाऊन तो मोठा झाला. माझं लग्न लागून ट्रक राहात्याकडं निघाला त्या दिवशी त्याला गोठ्यात बांधून ठेवावं लागलं होतं आणि दोरी दातांनी कुरतडून तो संध्याकाळी फाट्यापर्यंत जाऊन आला होता, हे मला आईनं पुढं कधीतरी सांगितलं.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, कोरडवाहू. बाजरी, मटकी, हुलगा, आणि पावसाच्या मर्जीवर चार घास. सासर मात्र राहात्याच्या बाजूला, पाटाच्या पाण्यावर. दारात ऊस, मागं पेरूची बाग. आमच्याकडं पोरगी पाटाच्या पाण्यावर पडली म्हणजे तिनं नशीब काढलं असं धरत. दोन वर्षं माझी आई हळदी-कुंकवाला गेली की बायका तिला बसायला पाट पुढं करायच्या, तो माझ्या सासरच्या उसाचा मान होता.

लग्नाला तिसरं वर्ष लागलं आणि मला मूल झालं नव्हतं. सासू वाईट बोलली असं मी म्हणणार नाही. ती बोलायचीच बंद झाली. मग एका सकाळी म्हणाली, "चार दिवस माहेरी जाऊन ये. तुझ्या आईला बी बरं वाटंल." मी पिशवीत दोन लुगडी टाकली. ती आत गेली, माझी लग्नातली पत्र्याची ट्रंक ओढून बाहेर काढली आणि स्वतःच्या हातानं भरायला लागली. सगळी लुगडी, चोळ्या, लग्नातला शालू, माझा आरसासुद्धा. चार दिवसांसाठी कुणी शालू बरोबर देत नाही. नवऱ्यानं ट्रंक खांद्यावर घेऊन राहात्याच्या स्टँडवर आणली, एसटीत ठेवली, खिडकीतून पेरूंची पिशवी माझ्या मांडीवर दिली आणि गाडी सुटेपर्यंत तो खाली दुसरीकडं बघत उभा राहिला.

नगरला गाडी बदलून मी आमच्या फाट्यावर उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. फाट्यापासून गाव दीड-दोन मैल. सरळ रस्ता पारावरून जातो आणि पारावर त्या वेळेला निम्मा गाव असतो. मी ठरवलं, ओढ्यातून जायचं. ओढ्याच्या काठानं गेलं की आमच्या घराच्या मागल्या अंगाला निघता येतं. रिकाम्या हातानं आले असते तर पारावरूनच गेले असते. पण डोक्यावर ट्रंक होती आणि माहेरपणाला आलेली पोरगी ट्रंक घेऊन येत नाही, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

ओढा पार करून मी चढणीला लागले आणि वरून तो आला. मला आधी फक्त धूळ दिसली. मग तो अंगावरच आला. असा काही कुईंकुईं करत, भुंकत, गोल गोल फिरत, माझ्या पायात शिरत की ट्रंक डोक्यावरून घसरली आणि खडकावर पडून कडी निघाली. शालू, चोळ्या, आरसा सगळं ओढ्याच्या काठावर पसरलं. मी "गप, गप" म्हणत वेचत होते आणि तो जास्तच ओरडत होता. पार तिथून हाकेवरच होता, आवाज ऐकून पारावरची माणसं काठापर्यंत आली. धुणं धुणाऱ्या दोघी उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी विचारलं, "कधी आलीस गं? पाव्हनं न्हाई आलं?" मी खाली मान घालून म्हणाले, "सुगीत हायेत." वैशाखात कसली सुगी, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. सगळ्यांचे डोळे त्या शालूवर होते. फक्त त्या कुत्र्याला शालूशी घेणं नव्हतं. त्याला मी आले एवढंच दिसत होतं.

चार दिवस झाले, पंधरवडा झाला, न्यायला कुणी आलं नाही. आषाढाच्या तोंडावर वडील एकदा राहात्याला जाऊन आले. आले, पागोटं खुंटीला लावलं, तांब्याभर पाणी प्यायले आणि बैलांच्या दावणीकडं गेले. नंतर धाकट्या बहिणीकडून मला कळलं की त्यांना तिथं बाहेरच्या ओट्यावर बसवलं होतं आणि "सवडीनं येऊ" एवढंच सांगितलं होतं. ते आतल्या माणसांची वाट बघत उन्हं उतरेपर्यंत बसून राहिले होते.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. ते बहात्तर साल होतं. लोकांनी जनावरं छावणीत नेऊन बांधली, आमचेही बैल आणि गाय तिकडंच गेली. गावाशेजारी पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. वडील, आई, मी, बहीण, सगळेच जायला लागलो. तिथं मोठं घर, लहान घर असं राहिलं नव्हतं. पाटलाच्या घरच्या बायकासुद्धा तोंडावर पदर ओढून घमेली उचलत होत्या. दुष्काळानं सगळ्यांनाच खाली बसवलं होतं, पण माझं खाली बसणं वेगळं होतं. बाकीच्या बायका पाऊस पडला की उठून आपापल्या घरी जाणार होत्या. खडी फोडताना एकजण सहज बोलून गेली, "बागायतीतली सून, न् बघा कुठं आली." वाईट मनानं नाही बोलली. म्हणूनच ते जास्त लागलं.

कुत्रा रोज आमच्याबरोबर कामावर यायचा. तिथं मजुरांना खायला सुकडी, गोडसर भाजकं पीठ, वाटायचे, तिची चिमूटभर मी त्याच्यापुढं टाकायची. बाहेरदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी माणसांच्या घशाखाली उतरत नव्हती, ती तो खायचा. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. पण सकाळी मी दार उघडलं की अंगणात तो असा काही नाचायचा, जसं कुणी वर्षानं परदेशातून आलंय. रात्रभर एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही झोपलेलो असायचो. तरी रोज तेच.

मला खरं सांगायचं तर त्या प्रेमाचा त्रास व्हायचा. आपण कुणाला नकोसे झालोय हे एकदा मनानं धरलं की कुणी हवंसं म्हटलेलं सहन होत नाही. शेजारच्या घरात बारसं होतं. ती बाळंतीण माझ्या बरोबरीची, आम्ही एकत्र सागरगोटे खेळलेल्या. मी गेले. बायका पाळणा म्हणत होत्या, मीही पुढं होऊन पाळण्याची दोरी धरली. तिच्या आजीनं माझ्या हातातून दोरी काढून घेतली. अगदी हळू, कुणाला कळू नये असं. वर म्हणाली, "तू दमली असशील बाई, कामावरून आलीस, बस." मी घुगऱ्या ओटीत घेतल्या आणि निघाले. दारात तो बसला होता. मला बघताच उठला, शेपूट हलवता हलवता त्याचं अर्धं अंग हलत होतं. मी त्याला जोरात "हाड" म्हणाले. तो दोन पावलं मागं सरला, बसला, आणि पुन्हा शेपूट जमिनीवर आपटायला लागला. घुगऱ्या मी त्याच्यापुढं ओतल्या. त्यानं आधी माझा हात चाटला, मग घुगऱ्या खाल्ल्या.

हिवाळ्यात धाकट्या बहिणीला बघायला श्रीगोंद्याकडची माणसं यायची ठरली. दुष्काळात लग्नं कमी खर्चात उरकत, म्हणून बरेच जण त्या वर्षी उरकून घेत होते. आदल्या दिवसापासून आई घर सारवत होती. त्या सकाळी चुलीकडं तोंड करून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आजचा दिस तेवढी गोठ्यामागच्या खोलीत बसशील का? पाव्हनं गेलं की बोलावते."

मला कळलं. थोरली नांदत नाही म्हटलं की धाकटीकडं लोक वेगळ्या डोळ्यांनी बघतात. मी म्हणाले, "बसते की." आईनं त्यावर माझ्या हातात गरम भाकरी ठेवली आणि पुन्हा चुलीकडं वळली. तिचे कान लाल झाले होते.

गोठ्यामागची खोली म्हणजे कडबा ठेवायची जागा. जनावरं छावणीत गेल्यामुळं गोठा रिकामा होता, कडब्याच्याही चार पेंढ्याच उरल्या होत्या. मी आत जाऊन बसले आणि वडिलांनी बाहेरून कडी घातली. वाऱ्यानं दार उघडू नये म्हणून, असं म्हणाले. पाहुणे आले. माणसांचे आवाज, चुळा भरल्याचे आवाज, बहिणीच्या बांगड्या. तिला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भाकरी थापता येते का विचारलं. मी पेंढीला टेकून ऐकत होते.

तेवढ्यात दाराच्या फटीतून कुत्र्याचं नाक दिसलं. त्यानं हुंगलं आणि कुईंकुईं सुरू केलं. मी आतून हळूच म्हणाले, "जा." माझा आवाज ऐकून त्याची खात्रीच पटली. तो पुढच्या पंजांनी दार खरवडायला लागला. मी गप्प बसले तर भुंकायला लागला. त्याला वाटलं असेल, ही कोंडली गेलीय, कुणाला तरी सांगितलं पाहिजे. तो दारापासून ओट्यापर्यंत पळत जायचा, भुंकायचा, परत दाराशी यायचा.

ओट्यावरून मुलाच्या चुलत्याचा आवाज आला. "तुमच्या कुत्र्याला काय सापडलंय तिकडं?"

वडील म्हणाले, "काय न्हाई. उंदीर-बिंदीर असंल."

"उंदराला कुत्रं असं करत न्हाई. लांबडं जनावर निघालं असंल कडब्यात. काठी घ्या एक."

"राहू द्या, मी बगतो नंतर," वडील म्हणत होते, पण चुलता उठला होता. मदतीला धावणारा माणूस होता, त्याला दोष कसा द्यायचा. काठी घेऊन तो आला, कडी काढली आणि दार ढकललं. मी पेंढीवर बसले होते. अंगावर धडकं लुगडं, गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर कुंकू. माझ्या हातात सकाळची भाकरी तशीच होती. कुत्रा त्याच्या पायांमधून आत घुसला आणि माझ्या मांडीवर चढून तोंड चाटायला लागला.

त्या माणसानं काठी खाली केली. मागं वळून विचारलं, "हे कोन?"

वडील अंगणात उभे होते. आई दारातून म्हणाली, "थोरली हाय आमची. तिला जरा बरं न्हाई."

"बरं न्हाई म्हनून कडब्यात?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. त्याच्याबरोबर आलेली एक म्हातारी बाई गोठ्यापर्यंत आली, तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि पदर सावरत परत फिरली. तिला सगळं समजलं होतं. पोहे खाऊन पाहुणे उठले. जाताना "कळवतो" म्हणाले. त्यांनी कळवलं नाही.

पाहुणे पारापलीकडं गेले आणि वडिलांनी कोपऱ्यातली काठी उचलली. माझ्या वडिलांनी आम्हा पोरींवर कधी हात टाकला नव्हता, बैलालाही ते आसूड नुसता हवेत वाजवायचे. त्यांनी कुत्र्याला मारायला सुरुवात केली. तो पळाला असता तर बरं झालं असतं. तो पळाला नाही. वडिलांच्या पायाशीच पोट जमिनीला टेकवून पडून राहिला, आणि प्रत्येक घावाला ओरडत शेपूट हलवत राहिला. मी काठी धरली तेव्हा वडील थांबले. त्यांचा चेहरा मला ओळखू येत नव्हता. काठी टाकून ते रानाकडं चालते झाले.

आम्ही तिघी अंगणात तशाच उभ्या होतो. बहीण त्याच्याजवळ बसली, त्याचा मागचा पाय चाचपत म्हणाली, "अक्का, तू वाईट वाटून घेऊ नको. त्यो पोरगा माझ्याकडं बघतच नव्हता. पोह्याकडं बघत हुता." आणि ती हसायला लागली, मग रडायला लागली. आई आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कामावर जायला निघालो तर तो लंगडत वडिलांच्या मागं निघाला. माझ्या नाही, वडिलांच्या. ते थांबले की थांबायचा, त्यांच्या पायाला नाक लावायचा. वडील मागं बघत नव्हते. तलावावर दुपारच्या सुट्टीत ते एका दगडाच्या आडोशाला बसले होते, मी त्यांना पाणी द्यायला गेले. कुत्र्यानं त्यांच्या जोड्यावर हनुवटी ठेवली होती. वडिलांनी आपल्या भाकरीचे दोन भाग केले होते आणि थोरला त्याच्यापुढं ठेवला होता. तो खात नव्हता, त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

मी तांब्या ठेवून वळले तसे ते म्हणाले, "बस जरा." मी बसले. त्यांनी भाकरीच्या फडक्याची घडी केली. मग खालीच बघत बोलले.

"ह्यानं काय केलं? तू कुठं हाईस ते सांगितलं. येवढंच केलं."

मी म्हणाले, "जाऊ द्या दादा."

"कडी मी घातली बाई. वाऱ्याचं कारन सांगितलं तुला. वारा नव्हता." त्यांनी हातानं कपाळ पुसलं. "कुत्र्याला माझी लाज वाटली न्हाई, आन मला तुझी वाटली."

बापानं पोरीपुढं असं बोलावं, याचीही एक लाज असते. ती त्यांना वाटत होती आणि मलाही. आजूबाजूला माणसं जेवत होती. मी त्यांच्या धोतराचा सोगा नुसता धरून ठेवला, लहानपणी बाजारात धरायचे तसा. कुत्र्यानं मग भाकरी खाल्ली.

उन्हाळा पुन्हा आला. एका दुपारी तो कुत्रा फाट्याच्या रस्त्यानं नाचत येताना दिसला आणि त्याच्या मागं माझा नवरा. एकटाच होता. रुमालानं मान पुसत होता. पारावरून येताना त्याला किती डोळ्यांमधून यावं लागलं असेल, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. गावातल्या एकानंही त्याला रामराम घातला नव्हता, असं नंतर ऐकलं. कुत्र्यानं मात्र त्याला फाट्यावरच ओळखलं होतं. नवरा दिवाळसणाला आला होता तेव्हा त्यानं ताटातली पुरणपोळी मोडून कुत्र्याला दिली होती. तेवढी ओळख त्याला पुरली.

वडिलांनी घोंगडी टाकली, पाणी दिलं, आईनं बिनदुधाचा चहा केला. दारात आलेल्या माणसाला पाणी द्यायचंच असतं. मी आतल्या दाराआड उभी होते. नवरा चहाची बशी हातात धरून बसला होता आणि कुत्रा त्याच्या गुडघ्यावर मान टाकून.

"आईनं संगमनेरकडची मुलगी बघितली हाय," तो म्हणाला.

वडील म्हणाले, "मग?"

"तुमी कोर्टकचेरी करू नये, असं आईचं म्हननं हाय."

"आन तुमचं?"

नवऱ्याचा हात कुत्र्याच्या डोक्यावरून फिरत होता, आपण तो फिरवतोय याचं भान नसल्यासारखा. कुत्र्यानं डोळे मिटून घेतले होते. मला त्या कुत्र्याचा असा संताप आला. सगळा गाव ज्याच्याकडं पाठ करून बसला, त्याच्या मांडीवर हा मान टाकतो. एवढ्यात नवरा हळूच, स्वतःशी बोलावं तसा म्हणाला, "ह्याला अजून माझी वळख हाय."

मी दाराआडून बाहेर आले. आमच्यात सासऱ्या-जावयाच्या बोलण्यात बाईनं यायची रीत नव्हती. मी म्हणाले, "त्याला सगळ्यांचीच असती. त्यो चांगलं-वाईट बघत न्हाई."

त्यानं वर पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला आईपुढं बोलता येत नव्हतं, माझ्यापुढंही आलं नाही. वर्षभर जी मान मी खाली घालून हिंडत होते, ती त्या दिवशी त्याची खाली गेली होती, आणि मला वाटलं होतं तसं काही त्यातून मला सुख झालं नाही. उलट त्याच्यासाठी लाजल्यासारखं झालं. एवढा धडधाकट माणूस, पाटाच्या पाण्यावरचा, आणि कुत्र्यानं ओळख दाखवली म्हणून त्याला भरून यावं.

मी म्हणाले, "आमी कुठं कोर्टात जात न्हाई. तुमी जा."

तो उठला. कुत्रा त्याला पोचवायला निघाला. आई तोंडावर हात ठेवून म्हणाली, "बघा बेइमान. त्याच्याच मागं चाललाय."

"बेइमान त्यो न्हाई," वडील म्हणाले.

दिवस मावळायच्या आत कुत्रा परत आला आणि पाण्याच्या डोणीत तोंड घालून बराच वेळ पाणी प्यायला. मीही त्या दिवशी हंडा घेऊन दिवसाउजेडी पारावरून गेले. लोक बघत होतेच. लाज गेली होती असं नाही. ती अंगावर होती, पण तिच्यासकट चालता येत होतं.

त्या वर्षी पाऊस बरा झाला, जनावरं घरी आली. बहिणीला बघायला पुढच्या खेपेला सोनईची माणसं आली तेव्हा वडिलांनी त्यांना ओट्यावर चढायच्या आधीच सांगितलं, "थोरली पोरगी आमच्यापाशीच राहती. तिचं नांदनं मोडलं. हे ऐकून बसायचं असंल तर बसा." ती माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग त्यातला म्हातारा जोडे काढून बसला, बाकीचेही बसले. पाणी मी नेलं. फुलपात्रं एकमेकांवर वाजत होती, आणि कुणीही माझ्याकडं वर मान करून बघितलं नाही. पण लग्न जमलं.

मी पुढं नगरला बालवाडीचं शिक्षण घेतलं आणि शेजारच्या मोठ्या गावात बालवाडी चालवायला लागले. मुलं मला "बाई" म्हणत. आठवडाभर तिकडं राहायची, शनिवारी दुपारी घरी यायची. अशाच एका शनिवारी आले तर अंगण रिकामं होतं. वडील ओट्यावर खुरप्याला धार लावत बसले होते. मी त्यांना विचारलं, "कुठं हाय?"

"गेला," ते म्हणाले. "मंगळवारी."

"मला निरोप न्हाई धाडला?"

"कुत्रं मेलं म्हनून निरोप धाडायचा? लोक हसतील."

आईनं आत मला सांगितलं की त्यांनी पहाटेच, कुणी उठायच्या आत, बांधावर खड्डा घेऊन त्याला पुरला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, पोट बिघडलंय.

मी बांधावर गेले. बाभळीखाली माती अजून भुसभुशीत, वर काटेरी बोराट्या टाकलेल्या, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. मी तिथं बसले. थोड्या वेळानं वडील खुरपं घेऊन आले, तण काढायला आल्यासारखे. पण तिथं तण नव्हतं. मग तेही शेजारी बसले आणि डोक्यावरचं पागोटं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं.

रस्त्यानं गावातला एकजण सायकलवरून चालला होता. आम्हा दोघांना असं बांधावर बसलेलं पाहून त्यानं पाय टेकला. "काय झालं हो? कोन गेलं का काय?"

वडिलांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाले, "कुत्रं गेलं आमचं."

त्यानं सायकल बाभळीला लावली आणि बांधावर चढून आला. कुत्र्यासाठी कुणी सायकलवरून उतरेल असं वडिलांना वाटलं नव्हतं. त्यांनी मांडीवरचं पागोटं उचलून घेतलं आणि सरकून त्याला बसायला जागा करून दिली.